रक्तदाबाचा डोंगर

डॉक्टर "लिहून ठेवा" म्हणाले होते की नुसतं "लक्ष ठेवा", हे सरांना आता खात्रीने सांगता येत नाही. (खात्रीने त्यांना कधीच काही सांगता आलं नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, ते बहुधा त्यामुळेच.) "आलेख काढा" असं मात्र डॉक्टर म्हणाले नव्हते. तो उद्योग सर्वस्वी सरांचा.

झालं होतं एवढंच. बाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, थोरल्या बहिणीबरोबर समुद्रावर आठवडाभर जायचं होतं. लग्न झाल्यापासून त्या सरांना सोडून कुठे राहिल्याच नव्हत्या, कारण त्या निघायच्या म्हटलं की सरांना काहीतरी व्हायचं. या वेळी छातीत धडधडलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. पण जायच्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजा. फार वर-खाली झाला नाही, तर बाईंना खुशाल जाऊ द्या."

घरात पाऱ्याचं जुनं यंत्र होतं. बाई सरांच्या दंडाला पट्टा बांधायच्या, रबरी फुगा दाबायच्या, स्टेथोस्कोप कानाला लावून आकडा सांगायच्या. तो कुठेतरी टिपून ठेवला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण सरांच्या मते नुसता आकडा म्हणजे मुका माणूस. त्याला बोलतं करायला आलेख हवा. त्यांनी आलेखाचे कागद आणले, पेन्सिलींना टोकं काढली, टोकं पटली नाहीत म्हणून मोडून पुन्हा काढली, आणि घरभर फेऱ्या मारत विचार करू लागले.

वर्तुळालेख बादच होता. रक्तदाबाच्या फोडी करून वर्तुळात भरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी वर्गाबाहेर काढलं असतं. म्हणून आधी त्यांनी स्तंभालेख काढला, नीट रंगवलाही.

"अहो, ह्या इमारती कसल्या?" बाईंनी विचारलं.

"अगं, इमारती नाहीत. रक्तदाब आहे माझा."

"सगळ्या एकाच उंचीच्या दिसतायत. मग बरंच आहे की!"

"बरं कसलं? फरक आहे, पण तो दिसत नाही. न दिसणारा फरक सगळ्यात वाईट!"

सरांना चैन पडेना. त्यांनी रेषालेख घ्यायचं ठरवलं. उभ्या अक्षाचा शून्यापासूनचा सगळा भाग छाटून टाकला आणि एकेका आकड्याला वीतभर जागा दिली. (हीच चलाखी केल्याबद्दल त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचे गुण कापले होते. पण तेव्हा रक्त दुसऱ्याचं होतं.) कागद पुरेना, म्हणून कागदाला कागद चिकटवले. भिंतीवर जागा नव्हती, म्हणून सगळी गुंडाळी कपाटाच्या दारावर डकवली. बाई आकडा सांगत, सर स्टुलावर चढून ठिपका देत आणि उतरून लांबून बघत. रेघ कधी कपाटाच्या माथ्याला टेकायची, कधी कुलपापाशी यायची.

निघायच्या आदल्या दिवशी मोठी मेहुणी बॅग घेऊनच आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! भाऊजी, हे काय?"

"माझा रक्तदाब."

"एवढा? कपाटाच्या वर गेलाय की हो!"

"नाही, ताई, तसं नाही. तो प्रमाणाचा भाग आहे. म्हणजे उभ्या अक्षावर मी..."

"उभं-आडवं राहू द्या! तुम्ही आधी बसा बघू." मग बहिणीकडे वळून ती म्हणाली, "आणि तू काय बघत बसलीस? काढ ते कपडे बाहेर. अशा माणसाला टाकून समुद्र बघायला जातेस?"

बाईंनी बॅग उघडली, एकेक कपडा काढून पलंगावर ठेवला. शेवटची चप्पल काढताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

"छे! मी? मुद्दाम?" सर म्हणाले खरे, पण नंतर त्यांनी स्वतःला तेच विचारलं. मग मात्र त्यांनी दार लावून घेतलं. नवा कागद, शून्यापासून सुरू होणारा अक्ष, एकदम सचोटीचं प्रमाण. दुपारभर खोडून, फुंकून, पुन्हा मोजून त्यांनी तेच आकडे मांडले. डोंगर गेले, दऱ्या गेल्या. रेघ अशी सपाट आली की पट्टीने ओढल्यासारखी. सर विजयी मुद्रेने बाहेर आले.

"हे बघा, ताई! आता कसं वाटतंय?"

मेहुणीने कागद पाहिला आणि ती किंचाळलीच. "सरळ रेघ! अहो, माणूस गेल्यावर इस्पितळातल्या पडद्यावर अशीच येते!" आणि सर काही समजावून सांगायच्या आत तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर जिना धावत चढून आले. त्यांनी धापा टाकतच विचारलं, "कुठे आहेत सर?"

"हा काय, मीच," सर म्हणाले. "तुम्ही जरा बसता का? तुमची तब्येत ठीक दिसत नाही."

डॉक्टरांनी सरांना दटावून गप्प बसवलं, स्वतः रक्तदाब घेतला. अगदी ठीक होता. मग त्यांनी कपाटाच्या दाराकडे आणि सरांच्या हातातल्या कागदाकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाई, तुम्ही उद्या जा," ते म्हणाले. "यांना काही झालेलं नाही. जाताना फक्त पेन्सिली बरोबर घेऊन जा."

बाई गेल्या, समुद्र बघून आल्या, काळ्या होऊन आल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या.

सरांच्या मनात मात्र एक कुसळ राहून गेलं. ते आकडे फारच शहाण्यासारखे वागले होते. एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. खरे आकडे इतके वळणाचे नसतात. विचारू की नको यात बरीच वर्षं गेली. शेवटी एका संध्याकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं.

"अगं, तेव्हा तू ते आकडे ठोके ऐकूनच सांगत होतीस ना?"

"कसले ठोके?" बाई म्हणाल्या. "मोजताना तुमचं तोंड मिटेल तर ठोके ऐकू येणार! माझ्या कानात नुसतं तुमचं व्याख्यान."

"मग आकडे?"

"डॉक्टरांनी पहिल्यांदा मोजलेला आकडा धरायचे आणि एकदा थोडा वाढवून, एकदा थोडा कमी करून सांगायचे. रोज तोच सांगितला असता तर तुम्हांला संशय आला असता, आणि माझं जाणं राहिलं असतं." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "तुम्ही त्यावर स्टूल घेऊन चढाल, हे मला काय ठाऊक?"