समेटाचा फोटो

"अंधाराची फिकर तुम्ही नका करू, मामाजी. उजेड मी गोंद्यावरून डब्बीत भरून आणला हाय," रूपलालने सासऱ्याला सांगितलं, आणि खिशातली पत्र्याची डबी काढून वाजवून दाखवली.

सासरे कुंजीलाल आमगावकडचे मोठे शेतकरी. त्यांनी डबीकडे पाहिलं आणि मग जावयाकडे पाहिलं. दोन्हींवर त्यांचा सारखाच भरवसा होता, म्हणजे नव्हता. जावई गोंदियात फोटो काढतो, हे ते पाहुण्यांना शक्यतो सांगत नसत. तीन पायांवर पेटी उभी करून काळ्या फडक्यात डोकं खुपसायचं, याला धंदा म्हणायला १९३१ साल उजाडलं तरी त्यांचं मन तयार नव्हतं. त्यात मुलगी सुखवंता दिवाळीला माहेरी आली होती, ती फाल्गुन लागला तरी परत जायचं नाव काढत नव्हती. का, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"जवाईबापू, हा एक फोटो बराबर काढून दाखवा," कुंजीलाल म्हणाले. "पोरगी धाडतो. नाही तं पोरगी बी इथंच राहीन."

फोटो साधासुधा नव्हता, समेटाचा होता. कुंजीलाल आणि त्यांचे चुलतभाऊ भोजराज अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण बांधावरच्या एका मोहाच्या झाडाचं. गेल्या वादळात ते झाडच पडलं, तेव्हा भांडायला जागा उरली नाही. पंच शालीकरामने ठरवलं की दोघांनी आजोबाच्या माजघरात एका बाजेवर बसायचं, दोन्ही घरच्यांनी मागे उभं राहायचं आणि पोरानातवंडांसाठी फोटो काढून ठेवायचा. "कोणी वर नाही, कोणी खाली नाही," त्याने बजावलं.

माजघराला खिडकी नव्हती. भर दुपारी तिथे बाहेरून आलेला माणूस पायरीलाच नमस्कार करायचा, म्हणजे ठेचकाळायचा. रूपलालने पेटी उभी केली, भिंगावरचं झाकण काढलं, थाळीत डबीतली, फटाक्यात असते तशी पांढरी दारू ओतली आणि तिच्यात शोऱ्याच्या कागदाची पट्टी खोचली. पट्टी पेटवली की ती पाच अंक मोजेपर्यंत जळायची आणि मग दारू भडकायची. एकदा ती तीन अंकांतच भडकली होती, त्यामुळे रूपलालची डावी भुवई अजून विरळ होती. तेव्हापासून तो त्या थाळीवरची नजर हलवत नसे.

"कोणी हलू नका," तो म्हणाला आणि त्याने पट्टी पेटवली.

एवढा लखलखाट झाला की आढ्यातल्या पाली खाली पडल्या. मग धूर झाला. पाव तास कुणी कुणाला दिसलं नाही. खोकत खोकत सगळे अंगणात आले आणि फोटो झकास निघाला असणार, असं रूपलालने जाहीर केलं.

संध्याकाळी कोठीत बसून त्याने काच धुतली आणि दिव्यासमोर धरली. एक चेहरा सोडला तर काचेवर नुसती पागोटी होती. अंधाऱ्या घरात दिवा लागला की हात जोडून मान लववायची, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. पट्टी पेटली, सगळ्यांनी तिला भक्तिभावाने हात जोडले आणि वाकलेल्या अवस्थेत त्यांचा फोटो निघाला. ताठ बसले होते ते एकटे भोजराज. त्यांना मोतीबिंदू झालेला. एवढीशी ज्योत त्यांना दिसलीच नव्हती.

थोडक्यात, कुंजीलाल सहकुटुंब भोजराजच्या शेजारी हात जोडून वाकले होते.

"उजेड कमी पडला, मामाजी. उद्या आणखी एक काढू," रूपलाल म्हणाला.

"आणखी उजेड? घर जाळून राहिले काय?"

रूपलालने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "इज्जतीचा सवाल हाय. काहीही पेटलं तरी हात जोडू नका. मान वरच ठेवा." भोजराजला सांगायचं काही कारणच नव्हतं. ते आधीच ताठ होते.

पण तिकडे भोजराजची बायको रामबाई नवऱ्याला रात्रभर बोलत होती. "सबनं दिव्याले हात जोडले, तुम्ही तेवढे खुट्यावानी बसून राहिले. देव पाह्यते ना." दुसऱ्या दिवशी पट्टी पेटताच तिने मागून नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. भोजराजनी कालची कसर भरून काढायला असे हात जोडले की पागोटं गुडघ्याला टेकलं. कुंजीलाल मात्र देवळाच्या खांबासारखे ताठ. रूपलाल थाळीकडे पाहत होता.

दुसऱ्या काचेवर कुंजीलाल ताठ होते आणि भोजराज वाकलेले. डबी रिकामी झाली होती. बायको नेल्याशिवाय गोंदियाला परत जायची त्याची हिंमत नव्हती. खरं सांगायचं तर तिच्याशिवाय तिथल्या खोलीत त्याला करमतही नव्हतं. मग त्याला सुचलं. ज्याने त्याने आपापला फोटो पाहावा.

आठ दिवसांनी कुंजीलालना दुसऱ्या दिवशीचा फोटो मिळाला आणि भोजराजना पहिल्या दिवशीचा. दोघेही खूश झाले. समोरच्याने सगळ्यांदेखत हात जोडले, आता आपण बोलून दाखवू नये, असा मोठेपणा दोघांनीही आपापल्या घरी दाखवला. समेट इतका घट्ट झाला की दोघे एका चिलमीतून ओढू लागले. कुंजीलालनी शब्द पाळला आणि सुखवंताला धाडायचा दिवस ठरला.

अंगणात बंडी जुंपली. सुखवंता चढून बसली. तेवढ्यात भोजराज कापडात गुंडाळलेली चौकट घेऊन आले. "पोरीच्या घरी लावाले आणली. आमचा दोघायचा फोटो."

"मी बी तेच देऊन राहिलो," म्हणत कुंजीलालनी बंडीतली आपली चौकट उचलली.

दोन्ही कापडं सुटली. भोजराजनी कुंजीलालची चौकट डोळ्यांना लावून पाहिली. कुंजीलालनी भोजराजची दोनदा पाहिली. मग दोघांनी हळूहळू माना वळवून रूपलालकडे पाहिलं.

"ह्याच्यासंग पोरगी धाडाची?" कुंजीलालनी विचारलं.

"मी तं नाही धाडत," भोजराज म्हणाले.

अकरा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. शालीकरामला इतकं भरून आलं की त्याने गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

"बैल सोडू नका," सुखवंता म्हणाली. "बाबूजी, तुमचं अन् काकाचं जमलं ना? मग मले जाऊ द्या."

गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मले पहिल्याच दिवशी मालूम होतं. मी दाराआड उभी होती. सब वाकले, काका तेवढे बसून राहिले."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही इचारलं काय? लगन झाल्यापासून मले एखांदी गोष्ट इचारली काय?"

 मग रूपलालने लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "आता पुढं कसं करू?"

"उजेड मी लावीन. तुम्ही मानसायकडं पाहा."

त्याला ते पटलं. त्याने मान हलवली.

"आतापासूनच पाहा," सुखवंता म्हणाली. तो अजून बैलांकडेच पाहत होता.