काचेतला माणूस आणि रतनबाईचा फोटो

माझं नाव काढलं की गुन्हेगार दचकतात, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणायचा, कारण गुन्हेगारांपैकी अजून कुणाशी माझी ओळख झालेली नाही. मी त्र्यंबक आगाशे. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, आणि नम्रता अशी की हे सगळं मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. आत्ताही कुणी विचारलेलं नाही, पण विचारण्याच्या बेतात होते. चौतीस वर्षं मी रेल्वेत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली. छत्रीच्या मुठीकडे बघून ती कुठल्या स्वभावाच्या माणसाची आहे ते मी सांगत असे. मालक बहुधा छत्री न्यायला यायचेच नाहीत, त्यामुळे माझा एकही अंदाज आजवर चुकलेला नाही.

निवृत्तीनंतर लोणावळ्यात आमच्या घराच्या गॅलरीतच मी कचेरी थाटली. बाहेर पाटी लावली, ‘त्र्यंबक आगाशे, खाजगी’. पुढचा ‘शोध’ पाटीत मावला नाही. लोक शिकवणीची चौकशी करत येऊ लागले, तेव्हा इंदिरेने खाली खडूने लिहिलं, ‘इथे कोणताही विषय शिकवला जात नाही’. इंदिरा ही माझी पत्नी आणि सहायक. पैकी दुसरं पद तिने अजून स्वीकारलेलं नाही.

गुरुवारी सकाळी धोंडाबाई आल्या. कार्ल्याच्या फाट्यावर त्यांची टपरी आहे, चहा आणि कांदाभजीची. तिथल्या बाकावर बसून मी अनेक प्रकरणांचा विचार केला आहे, आणि भजी संपेपर्यंत तरी तो उत्तम चालतो. त्यांच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक चौकट होती.

“भाऊ, माज्या आईचा फोटू चोरीला गेलाय.”

“कधी? कुठून?” मी वही उघडली. “फोटोचं वर्णन सांगा.”

त्यांनी लुगडं सोडलं आणि फोटो माझ्यासमोर ठेवला. “ह्यो बगा.”

मी फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “हा तर इथेच आहे.”

“ह्यो हितंच हाय वो. ह्यो न्हाई गेला. ह्याच्यातला गेलाय.”

अशा गुन्ह्याची नोंद कशी करतात ते मला आठवेना, म्हणून मी वही मिटून ऐकू लागलो. फोटो काळापांढरा, साठ वर्षांपूर्वीचा. भाजे गावाच्या वाटेवर एक बाई उभी आहे, डोक्यावर भाताचा भारा, आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यासारखी तोंडभर हसते आहे. त्या धोंडाबाईंच्या आई, रतनबाई. टपरीच्या मागच्या फळीवर हा फोटो हार घालून लावलेला असे. त्यांच्या पश्चात राहिलेला हा एकच फोटो.

“नात म्हनली, आजे, पणजी मोबाईलवर आलीया. मला लय आनंद झाला. बगते तर खाली काय लिवलंय? म्हनं ‘मावळची एक अनामिक स्त्री’. आनि कोपऱ्यात भलत्याच बाप्याचं नाव. भाऊ, माज्या आईला नाव न्हवतं व्हय? बारा एकर भात एकलीनं लावायची ती. पंचक्रोशीत कुनीबी सांगंल रतनबाई कोन ते. आता सांगनारी एक एक करून गेली. ह्या फोटूखाली तरी नाव ऱ्हावं का न्हाई?”

मिटलेली वही मी पुन्हा उघडली. पहिल्या ओळीत रतनबाईंचं नाव लिहून म्हणालो, “प्रकरण मी घेतलं.”

घाई होती. श्रीयश म्हणून इथल्या शाळेत इतिहासाचे शिक्षक आहेत. लोकांच्या घरातले जुने फोटो जमवून ते नेटवर मांडतात, आणि या रविवारी शाळेच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन होतं. धोंडाबाईंनी आपला फोटो द्यायला नेला तर सरांनी हात जोडले. मी धोंडाबाईंना घेऊन सरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझ्यापुढेही जोडले.

“आगाशे काका, आमचा नियम एकच आहे. फोटोखाली तीन गोष्टी हव्यात. फोटोत कोण, फोटो कुणाकडचा, फोटो काढला कुणी. आणि दुसरा कुणी हक्क सांगत असेल तर तो मिटेपर्यंत फोटो भिंतीवर नाही. मागच्या वर्षी एकाच आजोबांवर तीन घरांनी हक्क सांगितला होता. मारामारी व्हायची बाकी होती.”

त्यांनी नेटवरचा फोटो दाखवला. तोच भारा, तेच हसू. उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरं, ‘गौरव’.

“हा गौरव कोण, ते शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळलं पाहिजे,” सर म्हणाले. “सातला पाट्या छापायला जातात.”

धोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासाने माझ्याकडे हल्ली कुणी पाहत नाही. त्यामुळे मी फार जोरात म्हणालो, “सहा कशाला, पाचलाच सांगतो.”

माझ्या तर्काची पद्धत सोपी आहे. नाव मिळालं की त्या नावाचा माणूस धरायचा. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या एका दुकानात गौरव नावाचा इसम पुड्या बांधतो. शुक्रवारी मी त्याच्या मागावर राहिलो. संशय येऊ नये म्हणून दर वीस मिनिटांनी गिऱ्हाईक होऊन आत जात होतो. दुपारपर्यंत शेंगदाण्याची, तिळाची, काजूची आणि गुलाबाच्या पाकळ्यांची चिक्की झाली, आणि एवढंच निष्पन्न झालं की त्याच्या फोनची काच फुटली आहे आणि त्यात कॅमेरा सुरूच होत नाही. दातांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

दुसरा गौरव कामशेतला सापडला. तो लोकांना छत्रीला बांधून डोंगरावरून हवेत सोडतो. फोटो आकाशातून काढला असावा, असा माझा तर्क होता.

“अहो, फोटोत बाईंचे पाय दिसतायत,” इंदिरा म्हणाली. “आकाशातून डोकं दिसलं असतं.”

“तो खालून उडत असेल.”

तिने पुन्हा लसूण सोलायला घेतला.

शनिवारी दुपारी मला खरा धागा सापडला. जावईबापूंनी नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला होता. तपासात तो फार उपयोगी पडतो. मी दिसेल त्याचा फोटो काढून ठेवतो, पुरावा कधी लागेल सांगता येत नाही. त्या फोनवर चोरलेला फोटो बोटांनी मोठा करत असताना मला दिसलं की रतनबाईंच्या भाऱ्यामागे, धुक्यात असावा तसा, एक पुरुष उभा आहे! नीट पाहिलं. तो फोटोत नव्हताच. चौकटीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. म्हणजे फोटोचा फोटो काढताना चोर स्वतःच पकडला गेला होता.

“इंदिरे!” मी ओरडलो. “गुन्हेगार हाती आला!”

“हाती आला असेल तर त्याला दळण आणायला पाठवा.”

मी तिच्यासमोर उभा राहून वर्णन सुरू केलं. “वय साठीच्या पुढे. कानटोपी घातलेली, म्हणजे प्रकृतीने भित्रा. पोट सुटलेलं, बायको सुगरण असली पाहिजे, पण नवऱ्यावर तिची जरब नाही. उभं राहण्याची ढब बघ. स्वतःला अतिशहाणा समजणारा माणूस आहे. असे लोक आयुष्यात कुठेही पोचत नाहीत. गळ्यात मफलर, तोही हलक्यातला, एका टोकाची वीण चुकलेली.”

इंदिरेने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. बोटांनी मोठं करून पाहिलं.

“वीण चुकलेली नाही,” ती शांतपणे म्हणाली. “तिथे लोकर संपली होती.”

मला समजलं नाही. हुशार माणसाला साध्या गोष्टी उशिरा समजतात.

“जावईबापूंचं नाव काय हो?” तिने विचारलं.

“जावईबापू.”

“ते झालं. त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं?”

मी आठवू लागलो. लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून त्यांना मी जावईबापूच म्हणतो. फोनवर ते जावईबापू आहेत. मुलगी त्यांना ‘अरे’ म्हणते. आमच्यात जावयाला नावाने हाक मारणं शोभत नाही, आणि सहा वर्षं न वापरलेली वस्तू कुठे ठेवली ते जसं आठवत नाही, तसं ते नाव मला आठवेना. मग डोळ्यांसमोर लग्नपत्रिका आली. गणपती, त्याखाली आमच्या मुलीचं नाव, आणि त्यापुढे ‘चि. गौरव’.

इंदिरेने माझ्या फोनमधले फोटो उघडले. अकरा हजार तीनशे चार. मी काढलेला लिंबाच्या लोणच्याचा फोटो, कोपऱ्यात ‘गौरव’. गॅसची पावती, ‘गौरव’. नुसता माझा अंगठा, त्यावरही ‘गौरव’. ती अक्षरं मी रोज पाहत होतो. फोन बनवणाऱ्यांचं काहीतरी असेल, असं मला वाटायचं. जावईबापूंनी कधीकाळी फोनला सांगून ठेवलं होतं, ‘प्रत्येक फोटोवर माझं नाव घाल’, आणि फोन बिचारा इमानाने घालत होता.

मागे मागे जात इंदिरेने तो फोटो काढला. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, धोंडाबाईंची टपरी. त्याच सकाळी मी तो व्हॉट्सअ‍ॅपच्या सतरा गटांवर पाठवला होता, आणि तिथून तो नेटभर फिरला होता. खाली माझेच शब्द होते: ‘मावळची एक अनामिक स्त्री. शुभ सकाळ.’

मी खुर्चीत बसलो. मला लाज वाटली, आणि ती विनोदाने झाकता येण्यासारखी नव्हती. ज्या बाईचं नाव परत मिळवून द्यायला मी निघालो होतो, तिला अनामिक मीच केलं होतं.

साडेचार वाजले होते. आम्ही रिक्षा करून कार्ल्याला गेलो. धोंडाबाई भजी काढत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चिक्कीचं तेवढं वगळलं.

त्यांचा झारा हवेतच थांबला. “म्हंजी तुमीच?”

“मीच.”

“हितंच उभं ऱ्हाऊन?”

“हो.”

“मग मला इचारायचं की वो!” त्या चिडल्या, आणि चिडल्या ते बरं झालं. “मी हितंच व्हते. हात भज्यात व्हते, तोंड तर रिकामंच व्हतं! दोन सबदाचं काम. ‘धोंडाबाई, ह्या कोन?’ सांगितलं नसतं व्हय मी?”

चौतीस वर्षं मी वस्तू बघून माणसं ओळखत आलो. माणूस समोर असेल तर त्याला विचारावं, हे कधी सुचलंच नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी झारा पुन्हा तेलात घातला. इंदिरेला मात्र त्यांनी चहा दिला.

सहाला दहा मिनिटं असताना आम्ही तिघं श्रीयश सरांपुढे उभे होतो. मी कबुलीजबाब लिहून सही केली. सरांनी तो वाचला, हसू दाबलं आणि पाटीचा कागद पुढे ओढला.

“फोटोत कोण?”

“रतनबाई,” धोंडाबाई म्हणाल्या. “भाज्याच्या.”

“कुणाकडचा?”

“माजा. धोंडाबाईचा.”

“काढला कुणी?”

धोंडाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, आता तिसऱ्या ओळीवर सगळं अडणार.

“लेणी बगाया एक साहेब आलता,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यानं काडला. आईला वाटलं, झालं, गेला. तर वरसानं मळवली टेशनावरनं चालत आला, ह्यो फोटू द्यायला. आईनं ताक दिलं त्याला. दोन तांबे प्याला. मी लहान, दारात उभी. पर नाव… नाव कुनी इचारलंच न्हाई वो.”

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मघाचा सगळा राग उतरला असावा. “आमीबी तुमच्यावानीच,” त्या म्हणाल्या.

सर पेन हातात धरून बसले होते. नियम त्यांचाच होता. मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: “रतनबाई, भाजे. संग्रह, धोंडाबाई, कार्ले. छायाचित्रकार, एक प्रवासी. फोटो द्यायला परत आले, ताक पिऊन गेले. नाव विचारायचं राहून गेलं.”

“चालंल का त्या साहेबास्नी?” धोंडाबाईंनी विचारलं.

“चालेल,” सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सतराही गटांवर जाहीर माफी पाठवली, रतनबाईंच्या नावासकट. उत्तरादाखल बत्तीस जणांनी ‘खूप छान’ म्हटलं, एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आणि जावईबापूंनी अंगठा पाठवला.

रविवारी सभागृह फुलून गेलं होतं. रतनबाई दरवाजासमोरच्या भिंतीवर होत्या, आणि त्यांच्या हसण्यापुढे येणारा प्रत्येकजण थबकत होता. धोंडाबाई टपरी बंद ठेवून नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. पाटी त्यांनी सरांकडून, मग इंदिरेकडून, मग एका अनोळखी बाईकडून वाचून घेतली. तिघांनीही तेच वाचल्यावर त्यांची खात्री पटली आणि त्या फोटोशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

लोक मोबाईल काढून फोटोचे फोटो घेत होते. मीही गर्दीतून पुढे झालो. रतनबाईंचा चेहरा चौकटीत नीट बसवला, हात स्थिर केला, आणि दाबणार एवढ्यात धोंडाबाईंचा आवाज आला.

“भाऊ, जरा मागं सरा. नाव सुटतंय.”