जवस, गुडघे आणि दिघोरे गुरुजी

दिघोरे गुरुजी लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्यांची तारांबळ उडते. गुरुजी पदार्थ नंतर घेतात, आधी पुरावा मागतात. "घ्या गुर्जी कढी, पोट थंड रायते," असं कोणी म्हणालं की झालंच! कढीची बादली तिथंच थांबते. "कोणाचं पोट? कितीजणायचं पायलं? अन् ज्यायनं कढी नाही खाल्ली, त्यायचं गरम निघालं काय?" मागची पंगत ताटकळते, नवरदेवाचा मामा येऊन हात जोडतो, तेव्हा कुठं गुरुजी वाटी पुढं करतात. कढी मात्र दोनदा घेतात.

पवनीत बसस्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे आणि गुरुजींचं घर माझ्या घराला लागून. विज्ञानाचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटली आणि आमचा मोहल्ला सापडला. एकदा 'भातानं झोप येते' या म्हणण्याचा त्यांनी निकाल लावायचं ठरवलं. आमच्या धानाच्या मुलखात असा प्रश्न विचारायलाच छाती लागते. चार मित्रांना जेवायला बोलावून दोघांना भात दिला, दोघांना पोळ्या. चौघंही घोरायला लागले, कारण महिना मे होता आणि कूलर गुरुजींनी स्वतःच लावून दिला होता.

आता जवसाचं सांगतो.

गुरुजींच्या घरी सुमनकाकूंचं एकच म्हणणं असायचं. "माही माय रोज जवसाची चटणी खाये, म्हातारपणीबी धानाच्या रोवण्याले जाये. गुडघा कधी दुखला नाही." त्यावर गुरुजींचं उत्तर तीस वर्षं तेच. "एका मायवरून सिद्ध होत नाही!" पुढं काकूंचेच गुडघे धरले. त्यांची थोरली बहीण लाखांदूरला असते. तिला भेटायला निघालेल्या काकूंनी एके दिवशी एसटीच्या पायरीवर तीनदा पाय ठेवला, तीनदा काढला. बस निघून गेली. माझ्या दुकानातून मी पाहिलं. काकू पिशवी सावरत घरी परतल्या. मी भाड्याची गाडी करतो म्हटलं तरी ऐकेनात. "पायानं जाता आलं त जाईन," म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी गुरुजी दुकानात आले ते डोळे लकाकत. "राजू, जवसाची परीक्षा घेऊन टाकू!"

मी म्हटलं, "द्या ना काकूंना जवस, बरं वाटलं तर वाटलं."

"अन् थंडी सरली म्हणून बरं वाटलं असन त? चटणी भेटली याच खुशीनं वाटलं असन त?" काउंटरवर खडूनं रेघ मारून त्यांनी माझं दुकान दोन भागांत वाटलं. गिऱ्हाईक क्रोसिन मागत उभं, आणि गुरुजी सांगताहेत. "अर्ध्या बायायले जवसाची चटणी, अर्ध्यायले तिळाची. रंग सारखा, तिखट सारखं. कोणाले काय भेटलं ते बायायले नाही कळलं पायजे. मलेबी नाही!"

"तुम्हाला का नाही?"

"सुमनले विचारतानी माहा आवाज बदलन ना रे!"

तेवढ्या एका वाक्यानं मी त्या प्रयोगात ओढला गेलो. बाटल्यांवर नंबर टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या, कोणाला काय गेलं ती यादी कुलपात ठेवायची, हे काम माझं. दोन्ही चटण्या गुरुजींनी स्वतः कुटल्या. काकूंना स्वयंपाकघरात बंदी होती. तीळ जरा करपवून रंग जुळवला, आणि मग मी व गुरुजींनी डोळे मिटून चव घेतली. दोघांनाही फरक कळला नाही. मला सर्दी होती, गुरुजी तंबाखू खातात. पण उत्साह असा की दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

मोहल्ल्यातल्या सोळा बाया तयार झाल्या. रोज सकाळी गुरुजी वही घेऊन दारोदार. "शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आज किती?" मंजुळाबाई म्हणायच्या, "हायेत दहा, पण सकाळी सकाळी कायले, आठ लिहा." दुसरी म्हणायची, "सून माहेरी गेली, आज चारच." गुरुजी सगळं इमानदारीनं लिहीत. शेवटचं दार स्वतःचं. काकूंसमोर पाटावर बसून तोच प्रश्न, त्याच आवाजात. काकूंचा आकडा आठवरून सात झाला, मग सहा. मोहल्ला पेटला! वाण्याकडं जवस मिळेना. मी सुद्धा सकाळी दुकान उघडायच्या आधी विचारू लागलो, आज किती?

चौथ्या आठवड्यात गुरुजी दुकानात येऊन काउंटरवर वाकले. मग हळूच म्हणाले, "यादी दाखव. फक्त सुमनची." मी ड्रॉवरला हात लावला तर ओरडले, "नको! नको दाखवू!" आणि स्टुलावर बसले. "तीस वर्स तिले खोटं पाडलं. या बारी मी खोटा पडलो पायजे रे. तिचा जवस खरा निघाला पायजे."

काकूंच्या बाटलीत तीळ होते. मला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. त्या दिवशी माझं दुकानात लक्ष लागलं नाही.

सहा आठवडे झाले आणि गुरुजींच्या ओट्यावर निकाल लागला. बायांनी सतरंजी अंथरली, चहा झाला. मी यादी वाचली. जवसवाल्यांचे आकडे उतरले होते आणि तीळवाल्यांचेही, जवळजवळ सारखेच. काकू तिळात निघाल्या तशी गुरुजींची पेन्सिल थांबली.

तेवढ्यात मंजुळाबाई म्हणाल्या, "गुर्जी, एक सांगू का? मले तीळच आले होते. तोंडात टाकल्याबरोबर कळलं. मी बाजूच्या विमलले वाटीभर देल्ली, तिनं जवसाची देल्ली."

"वाटी?" गुरुजी उभेच राहिले.

मग एकेक वाटी बाहेर आली. आमच्याकडं काहीही केलं की वाटीभर शेजारी जातं, आणि ती वाटी रिकामी परत येत नाही. सोळा घरांत सहा आठवडे चटण्या फिरत होत्या. एकीनं तिळात घरचा जवस कुटून घातला होता. एकीची बाटली पोरांच्या डब्यात संपली होती. जन्मभर जवस कुटणाऱ्या बायांना चव कळणार नाही, असं आम्हा दोन शहाण्यांना वाटलं होतं!

"अन् तू वं?" गुरुजी काकूंकडं वळले. "तुलेबी कळलं होतं?"

"पयल्या दिवशीच."

"मंग बोलली काहून नाही? कोणासंग बदलली काय?"

"नाही बदलली. तुमी कुटली होती ना, तेच खाल्ली."

"मंग आकडा कायनं उतरला?"

काकू म्हणाल्या, "गुडघा कसा हाय म्हणून तुमी कधी विचारलं होतं का? आता रोज सकाळी समोर बसून विचारता. तीळ हायेत म्हणून सांगतलं असतं, त दुसऱ्या दिवशी आले असते विचाराले?"

बाया हसल्या नाहीत. गुरुजींनी याचा पुरावा मागितला नाही.

पुढच्या रविवारी लाखांदूरची बस लागली होती. काकूंनी एक हात दांडीला घातला, दुसरा गुरुजींच्या खांद्यावर. कंडक्टर घाई करू लागला तसे गुरुजी म्हणाले, "थांबा ना जी. चढून राहिली ते." पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा काकू आत गेल्या, मागोमाग गुरुजीही, आणि मी दुकानात एकटाच टाळी वाजवली.

बस सुटेपर्यंत मी बघत होतो. काकू खिडकीतून मला हात करत होत्या. शेजारच्या सीटवर गुरुजी, भर स्टँडवर, स्वतः शिकवलेल्या अर्ध्या पवनीदेखत, खाली वाकून बायकोचा गुडघा चोळत बसले होते.