अण्णांनी घड्याळ खोललं
केडगावला आमच्या शेजारी राहणारे भापकर अण्णा कुठलीही वस्तू बंद पडली की आधी तिच्याखाली वाकून बघतात. मिक्सर असो, नाहीतर आमचा वायफायचा डबा. जन्मभर ट्रक चालवला, त्यामुळे बिघाड खालीच असतो असा त्यांचा सिद्धांत. वाकून झालं की म्हणतात, "साधं काम हाय. इंजनाचंच बारकं लेकरू!" त्यानंतर ती वस्तू सहसा चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी खर्ड्याहून, सासुरवाडीच्या माळ्यावरून, टोले देणारं जुनं लंबकाचं घड्याळ आणलं. घड्याळ त्यांनी आयुष्यात कधी खोललं नव्हतं.

"जमेल का अण्णा?"

"मोबाईलवर बघितलं ना म्या! सुरवातीचं तेवढं पळवलं. नुस्ता बोलतच हुता त्यो."

आधी स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवायचा, हे तो व्हिडिओवाला बहुधा सुरवातीलाच बोलला असावा. अण्णांनी थेट स्क्रू काढले. खण्णकन आवाज झाला आणि चाकं चहूकडे उडाली. एक काकूंच्या ताकात पडलं. मी दारामागे आणि अण्णा खाटेखाली.

"क्लच सुटला," खाटेखालून निदान आलं.

मग रॉकेल, जुना टूथब्रश आणि अंगणभर पसरलेले सुटे भाग. सगळं पुन्हा जोडल्यावर एक चाक उरलं. अण्णा जराही डगमगले नाहीत. "स्टेपनी आसंल."

स्टेपनीवाचून घड्याळ टिकटिकेना. परत खोललं, परत जोडलं. चालू झालं तर दुपारी चारला अकरा टोले देऊ लागलं. गल्लीतली कुत्री भुंकायची.

शेवटी मी म्हटलं, "अण्णा, बॅटरीचं नवं घ्या की."

अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर डाफरले. मग घराकडे बघत आवाज उतरवून म्हणाले, "हिला काटं दिसत न्हाईत आता. डाक्टर म्हनला, हाय तेवढी नजर जपा. दिवसभर मला इचारती, किती वाजलं. आन मंग म्हनती, तुमाला उगा तरास."

"मोबाईल बोलून सांगतो की वेळ."

"त्याला बी इचारावंच लागतं ना, मास्तर?"

मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

केव्हातरी टोले जागेवर आले. परवा संध्याकाळी मी अण्णा-काकूंबरोबर त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आत घड्याळानं पाच टोले दिले. काकूंनी ते बोटांच्या पेरांवर मोजले, स्वतःशीच मान हलवली आणि चहा टाकायला उठल्या. वेळ सांगायला अण्णांनी तोंड उघडलं होतं. कुणी काही विचारलंच नाही. अण्णा नुसते गुडघे चोळत बसले.

दारापाशी काकू थबकल्या.

"अवो, किती वाजलं?"

"पाच!" अण्णा ताठ झाले. "पाच वाजलं!"

"व्हय का?" म्हणत काकू भिंत चाचपत आत गेल्या.