तीन खेपा, शून्य अंडी

'रायगड किनाऱ्यावरचा एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर', अशी महादेवभावोजी स्वतःची ओळख करून देतात. त्यातलं 'एकमेव' खरं आहे. तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणीत काढली. टेप लावली की कुठलीही वस्तू खरं बोलते, हा त्यांचा सिद्धांत. मी सलिल, त्यांचा मेहुणा आणि सहायक. माझी पात्रता एकच, स्कूटर माझी आहे.

बोर्ली पंचतनपासून वीस मिनिटांवर आमचं गाव. हिवाळ्यात कासवं इथे अंडी घालायला येतात. वनखात्याने नेमलेला भिकू पहाटे किनारा फिरतो, अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतो आणि प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि आकडा लिहिलेली पाटी लावतो. अकरा वर्षं हेच. यंदा मात्र तीनदा कासवाच्या खुणा दिसल्या आणि अंडी काही मिळाली नाहीत. भिकू अंडी विकतो, अशी कुजबुज झाली. सरपंचांनी त्याच्याकडून कुंपणाची चावी काढून भावोजींच्या हवाली केली. शनिवारी वनरक्षक येणार, तोवर चोर सापडायला हवा, नाहीतर भिकूचं काम गेलं.

वाळूत दोन ओळी समुद्रातून वर आल्या होत्या आणि परत समुद्रात गेल्या होत्या. भावोजींनी टेप लावली.

"चाकं! हे समुद्रातून आलेलं वाहन आहे. परदेशी."

"भावोजी, ते कासव आहे."

"कासवाचं सोंग घेतलेलं वाहन. लिही."

भिकू पुढे आला. "काका, ती वर आली, भ्याली नि तशीच मागं फिरली. खड्डापण केला न्हाय. अंडी घातलीच न्हाय तर मी इकणार काय?"

"लिही, सलिल. चोर नेमकं हेच म्हणाला असता."

"आणि चोर नसलेला?"

"तोही हेच म्हणेल. म्हणून तर केस अवघड आहे."

मग त्यांनी भिकूचा खिसा मोजला. खिशात चार अंडी मावतात, एका कासवाची शंभर, म्हणजे चोर पंचवीस. भिकूचे चोवीस साथीदार कोण, याची यादी करायला मला बसवलं. गावात तेवढी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी सांगून पाहिलं.

संशयिताची चौकशी उन्हात झाली, प्रतिष्ठित साक्षीदाराची चहावर. साक्षीदार म्हणजे देवव्रत. समुद्राला लागून त्याचं 'टर्टल होमस्टे' आहे. तिथे कासव सोडून सगळ्यांची सोय होते. पडवीत भलामोठा टीव्ही, त्यावर पाहुण्यांसाठी त्याने स्वतः ड्रोनने काढलेला व्हिडिओ दिवसभर चालू असतो. सुरुवातीला किनाऱ्यावरची 'दिवे, आवाज व ड्रोन यांना सक्त मनाई' ही पाटी, वरून, सावकाश, फार सुरेख. मग बासरी. मग अंधारात वाळू चढणारं कासव आणि त्याच्या पाठीवर वरून पडलेला पांढरा झोत. कासव थबकलं आणि वळलं.

"वा! काय गोलाई आहे!" भावोजी म्हणाले. "बरं देवव्रत, तुला किनाऱ्यावर काही संशयास्पद दिसलं का?"

"छे हो काका."

खरं सांगतो, मीही चकली खात तेच बघत होतो. मलाही काही सुचलं नाही.

एवढ्यात भिकूची आई, नीराबाई, विकायचे बांगडे भरलेली पाटी घेऊन अंगणात आली. पाटी उतरवता उतरवता ती टीव्हीकडे बघत राहिली.

"ही कुठली रं?"

"आपल्याच किनाऱ्यावरची, मावशी. दोनदा नीट आली नाही, तिसऱ्या वेळी शॉट मिळाला."

"नि मागं का फिरली?"

"लाजतात हो. कॅमेऱ्याची सवय नसते त्यांना."

"मेल्या, बाळंत व्हायला आलेल्या बाईच्या डोक्यावर दिवा घेऊन घोंगावतोस, तर ती पळंल न्हाय तर काय करंल? तीन येळा तू हाकललीस, नि चोर माझा पोर व्हय?"

भावोजींनी टेप गुंडाळली.

"मला पहिल्यापासून संशय होताच."

"कोणावर?" मी विचारलं.

"केसवर."

नीराबाईने हात पुढे केला. "चावी, भाऊ." भावोजींनी मुकाट्याने दिली. भिकूने पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं आम्ही तीन दिवस मोजत बसलो होतो. मला फार लाज वाटली.

देवव्रतला वाटली नाही. "मी पक्का निसर्गप्रेमी आहे," तो म्हणाला. "मावशी, भिकूला चावी देताना वरून एक शॉट घेऊ?"

नीराबाईने टेबलावरचा ड्रोन उचलला, बांगड्यांखाली सारला आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू पडली.

आता कुंपणात एक नवी पाटी आहे. 'खेपा ३, अंडी ०'. खाली दीड फुटावर, अंडी पुरतात तितक्याच खोल, ड्रोन आहे. शनिवारी वनरक्षकांनी इतर आकड्यांसोबत हे आकडेही वहीत उतरवले आणि भिकूला म्हणाले, "चावी तुझ्याकडेच ठेव."

देवव्रत रोज संध्याकाळी जाळीबाहेर येऊन उभा राहतो. काल विचारत होता, त्या तीन खेपांची अंडी मग गेली कुठे?

"दर्यात सोडली असतील. पाण्यात अंडं जगत न्हाय," भिकू म्हणाला.

"आणि माझा ड्रोन?"

भिकूने कुलूप ओढून पाहिलं आणि चावी कमरेला खोचली. "अंडी पन्नास दिसांनी फुटतात, दादा. तवर कोणी उकरत न्हाय."