भानुदासरावांच्या किडनीचा तक्ता

घनसावंगीच्या पंचायत समितीच्या ऑफिसात भानुदासराव माझ्या शेजारी बसत. सतरंज्या घ्यायच्या असोत की पाण्याचे पाइप, तीन निविदा मागवून तुलनात्मक तक्ता करणं हे त्यांचं काम. पण एके सकाळी त्यांनी किडनीचा तक्ता टेबलावर पसरला, तेव्हा मी चहा खाली ठेवला.

"डाव्या किडनीवर पाण्याची गाठ हाये," ते म्हणाले. "साधी. कॅन्सर-बिन्सर बिलकुल न्हाई. पण मोसंबीएवढी झाली, दुखून राह्यली. डॉक्टरनं दोन रस्ते सांगितले."

पहिला रकाना सुईचा. सोनोग्राफीत बघत पाठीतून सुई घालायची, पाणी ओढायचं, आत औषध सोडायचं. भूल तेवढ्या जागेपुरती. शेरा लाल शाईत : 'पाणी पुन्हा भरू शकते.' दुसरा दुर्बिणीचा. पूर्ण भूल, तीन छोटी भोकं, गाठीचं छप्परच कापायचं. शेरा : 'सहसा परत होत नाही.' तिसरा रकाना कोरा.

"तिसरी निविदा आल्याबिगर निर्णय कसा व्हईल?"

मग त्यांनी गावाचे अभिप्राय मागवले. जीपवाला सुईच्या बाजूनं : "पंक्चर काढायला कोणी टायर फाडतं का?" हातपंप दुरुस्त करणारा दुर्बिणीच्या : "झरा चालू असल्यावर नुसतं उपसून काय उपेग?" दोन्ही मतं तक्त्यात बराबर नोंदली गेली.

"पण दुखतं कवा?" मी विचारलं.

"भाकरी थापायला बसलं की."

सगळं ऑफिस हसलं. भानुदासराव दोन हातांत दोन लोखंडी खुर्च्या उचलून चालते झाले.

शेवटी औरंगाबाद गाठलं. सोबतीला मी आणि वहिनी. दवाखान्यात नर्सनं पुकारलं, "शांताबाई!" आणि पदर सावरत वहिनी उठल्या. मी भानुदासरावांकडे बघतच राहिलो.

"तिला लाज वाटती," ते पुटपुटले. "'माझ्या दुखण्याची गावभर चर्चा नको,' म्हणली. मंग मी म्हणलं, टाक माझ्या नावावर."

डॉक्टरांपुढे त्यांनी तक्ता उलगडला. वहिनींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "दुर्बीण," त्या म्हणाल्या. "पाणी परत भरलं तर ह्यांचा तक्ता परत सुरू व्हईल."

डॉक्टर हसले. एवढ्या मोठ्या गाठीला दुर्बीणच बरी, म्हणाले.

ऑपरेशन चालू असताना भानुदासराव बाहेर तक्त्याची घडी घालत आणि मोडत होते. एकदाच बोलले, "माझ्याकडून काही चुकीचं तर न्हाई ना लिवल्या गेलं?"

सगळं नीट पार पडलं. परत येताना त्यांनी मला बजावलं, "ऑफिसात सांगा, माझं ऑपरेशन झालं."

आठवडाभर ते ओसरीवर कांबळं पांघरून पडले. ऑफिसातली माणसं जोडीजोडीनं भेटायला येत. भानुदासराव कण्हत आणि आलेला डबा गुपचूप आत जाई. हेडक्लार्कनं टाके बघायचा आग्रह धरला. "डॉक्टरनं हवा लावू नका म्हणलंय," म्हणत त्यांनी कांबळं हनुवटीपर्यंत ओढलं.

एका दुपारी मी गेलो, तर ते उठून आतल्या दाराशी बसले होते.

"काय भानुदासराव, तब्येत कशी?" मी मोठ्यानं विचारलं.

त्यांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. दोन दिसांनी आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."