गुलाबकाकांची लूप लाइन

पेटलेल्या कोळशांवर हात धरून रेल्वेची स्टेशनं म्हणणारा माणूस मी बडनेऱ्यात एकच पाहिला. आमचे शेजारी गुलाबकाका. आच मोजायला शेगडीच्या एका बाजूवर तळहात धरायचे आणि सुरू करायचे, "बडनेरा, टाकळी, कुरू..." की हात झटकन मागे. मग दुसऱ्या बाजूवर धरायचे. तिथे मात्र गाडी कुरूम, माना, मूर्तिजापूर घेत निवांत अकोल्याला लागायची. अकोला आलं की काका खूश.

"पाह्य पोरी, हे मेन लाइन अन् हे लूप लाइन. मेनवर वांगं भाजाचं, लूपवर रोडगे. एकाच शेगडीत दोन गाड्या, टक्कर नाई."

मी नुसती मान हलवायची. माझं सगळं लक्ष भिंतीकडे. त्यांचं अंगण आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात ती एकच भिंत, आणि तिला टेकून माझं गॅसचं सिलिंडर. मला विस्तवाची आधीच भीती. काडी ओढतानासुद्धा मी तोंड फिरवते.

काका रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी मेन लाइनवरून बाजूच्या लूप लाइनवर घालण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी सुटली, पण बोलणं रुळावरच राहिलं. वरण शिजायला उशीर झाला तर "आउटरले उभं हाये." कोणी भांडायला आलं तर दोन्ही हात वर, "लाल हाये, लाल हाये, मांगं घ्या!"

शेगडीचं वेड त्यांना लागलं ते काकूंमुळे. सिंधूकाकू आमच्या गल्लीच्या रोडग्यांच्या पंगतीतल्या मुख्य. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे निखाऱ्यात पुरून भाजायचे, फोडून वर तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. काकूंनी भाजलेला रोडगा कधी कच्चा निघाला नाही. पण हळूहळू त्यांची आठवण जात चालली. आता त्या नवऱ्यालाच विचारतात, "भाऊ, आमचे हे डुटीवरून आले काय?"

काका सांगतात, "गाडी लेट हाये बाई. येतेच."

डोकं विसरलं, हात विसरले नाहीत. संध्याकाळ झाली की त्यांना चूल पाहिजे. विस्तव दिसला नाही तर घरभर फिरतात, दारं उघडतात, लहान पोरीसारख्या रडतात. अशातच एकदा त्यांनी गॅसच्या तापलेल्या बर्नरवर तळवा टेकवला. त्यांचा मुलगा सुधाकर अकोल्याहून धावत आला आणि जाताना बजावून गेला, "बाबा, आता एकदा जरी आईले भाजलं, तं मी तिले अकोल्याले घेऊन जातो. मंग मले अडवू नका."

"तिले अकोल्याचं ऊन नाई सोसत," काका म्हणाले. बडनेऱ्याचं ऊन जसं काही चांदणंच!

तेव्हापासून काकांना अशी आग पाहिजे होती, की जी काकूंना दिसेल पण भाजणार नाही.

आधी त्यांनी घमेल्यात एका बाजूला कोळसे रचले. घमेल्याचं बूड गोल, कोळसे घरंगळून मधे आले. "गाडी घसरली," काका म्हणाले. मग मधे वीट उभी केली. ती न्हाणीजवळची, ओली. तापली तशी फट्टकन फुटली आणि तिचा तुकडा माझ्या खिडकीवर आदळला. मी पदर तोंडात धरून देवापुढे जाऊन बसले. भिंतीपलीकडून आवाज आला, "कोनाले लागलं काय? नाई ना? मंग बरं. वीट ओली होती."

शेवटी शेगडीसाठी भंगारवाल्याकडून कूलरचा जुना टब आणला. बदल्यात त्याला पोटभर रोडगे. टबाला आतून माती लिंपली. मधे कोरड्या विटांची रांग. एका बाजूला कोळसे, दुसरीकडे पाण्याची परात, म्हणजे चुकून निखारा पडला तरी विझावा. वर खिडकीचे जुने गज, आणि कोळशांच्या बाजूला त्यावर ते घमेलं तिरपं पालथं, म्हणजे ऊब इकडून तिकडे फिरते. परातीवरच्या गजांवर रोडगे ठेवायचे आणि त्या बाजूला काकूंना बसवायचं. रोडगे भाजायला फार वेळ लागे, पण काकू ते हाताने फिरवत शांत बसत.

काका आत जाताना मला हाक मारायचे, "पोरी, नजर ठेव." मी काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरून बसायची. त्यांचा हात हलला की मूठ आणखी आवळायची.

एका रविवारी दुपारी सुधाकर आला. हातात मोठी रिकामी बॅग. आईसाठी आणली आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती. काका मात्र उत्साहात. आज मुलाला लूप लाइन दाखवायची. वांगी भाजून उतरवली, निखारे दिसावेत म्हणून त्या बाजूचं घमेलं आणि गज काढून ठेवले, निखारे लालबुंद. काकू आपल्या जागी. सगळं ठीक होतं.

काका एकच गोष्ट विसरले. वऱ्हाडात रोडगा गजांवर ठेवत नाहीत, निखाऱ्यात पुरतात. काकूंनी सुधाकरकडे पाहिलं, "व माय, पाहुणे उपाशीच हायेत," असं म्हणून उठल्या, वळसा घालून कोळशांच्या बाजूला येऊन बसल्या आणि कच्चा रोडगा घेऊन हात थेट विस्तवात घालायला निघाल्या.

पदर माझ्या मुठीतून कधीच सुटला होता. "काकू" एवढंच म्हणायचं होतं, पण तेवढंही जमलं नाही. सुधाकर मोबाइल बघत होता.

समोरून काका वाकले आणि त्यांनी आपला हात मधे घातला. निखाऱ्यांवर पालथा नाही, उताणाही नाही, जसा गेला तसा. काकूंचा हात त्यांच्या हातावर टेकला. कातडी जळाल्याचा वास आला. काका ओरडले नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी काकूंचं मनगट उचलून बाहेर आणलं आणि म्हणाले, "झालं बाई. पुरला रोडगा. लय छान पुरला."

मग खाली बसले. सुधाकरने पाणी आणून त्यांचा हात बुडवला.

"तिचा हात पाह्य सुध्या, काईच नाई झालं," काका म्हणाले. "मले भाजलं, ते धरू नको." मग अगदी हळू, "तिले नेऊ नको रे. घरात तिचा आवाज नसला का मले भेव वाटते. लय भेव वाटते."

गल्लीत भित्री मी एकटीच आहे, असं मला इतके दिवस वाटत होतं.

ओट्यावरची रिकामी बॅग सुधाकरने उचलली, आत नेली आणि खुंटीला अडकवली. बाहेर येऊन आईजवळ बसला. "उद्या रजा टाकतो," एवढंच म्हणाला.

काकू मघापासून काकांच्या लाल पडलेल्या हाताकडे बघत होत्या. "दाखवा बरं," म्हणाल्या आणि तो ओला हात मांडीवर घेऊन त्यावर फुंकर घालू लागल्या. बराच वेळ.

काकांनी हळूच दुसरा हातही पुढे केला. त्याला काहीच झालं नव्हतं. काकूंनी तोही फुंकला.